सेल्फ घेते, चालू होत नाही

१४ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ग्रोझदानकाका, रोज चार ओळी लिहीत जा. विसरायला होतं ना, त्याला बरं असतं." मी म्हटलं, मला विसरायला होत नाही, लोकच एका दमात दहा गोष्टी सांगतात. पण घरी आल्यावर रायनाने वही टेबलावर आणून ठेवली. बायको आणि डॉक्टर एका बाजूला झाले की शहाण्याने वाद घालू नये. म्हणून लिहितो.

सहकारी शेतीच्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म गेला. आधी ट्रॅक्टर, मग ट्रक, ती शेती मोडल्यावर आपल्याच अंगणात अख्ख्या गावाच्या गाड्या. लोक अजून मिस्त्री म्हणतात. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून मी दुखणं सांगतो. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

आज प्लामेन आला होता शहरातून. माझा मुलगा. तोही याच धंद्यात आहे, पण त्यांच्याकडे सगळं चकाचक, इंजिनाला हात लावायच्या आधी हातमोजे चढवतात. दुपारभर माझ्या गाडीपाशीच होता. किल्लीच्या मुठीचं प्लास्टिक चिरलं होतं, ते बदलून दिलं. मी सांगितलं नव्हतं, पोराला आपणहून सुचलं, बरं वाटलं. जाताना आईला अशी मिठी मारली की जणू कुणी गेलंय.

त्या सायकलवाल्या पोरीचं पुन्हा निघालं. शाळेपाशी ती एकदम समोर आली. मी हॉर्न दिला होता. रायना म्हणते दिला नाही, आणि मी रस्त्याच्या चुकीच्या बाजूने चाललो होतो. पोरगी चरात पडली, गुडघा फुटला, एवढंच. प्लामेन म्हणाला, "बाबा, लायसन्स परत करून टाकू या का?" मी म्हटलं, "तुझं कर." तो हसला नाही.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

गाडी चालू होत नाही.

आज वेल्कोला आणायला निघालो होतो. वेल्को माझा लष्करापासूनचा दोस्त, नंतर तो ट्रॅक्टर चालवायचा आणि मी दुरुस्त करायचो. म्हणजे तो मोडायचा. फुप्फुसं गेली आहेत त्याची. शहरातल्या इस्पितळात दोन महिने झाले, आता डॉक्टर म्हणतात, घरी न्या, इथे ठेवून उपयोग नाही. घरी कुणी नाही, पण शेजारी आम्ही आहोत. अँब्युलन्स देतो म्हणाले तर हा म्हणतो, "त्या गाडीत मी मेल्यावर बसेन. मला ग्रोझदान नेईल." मी शब्द दिला. त्याच्या अंगणातल्या मांडवाला अजून द्राक्षं आहेत, रायनाने त्याच्यासाठी तोडू दिली नाहीत कुणाला.

किल्ली फिरवली. सेल्फ जोरात घेते, बॅटरी ठणठणीत, इंजिन गरागरा फिरतं, पण पेटत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. म्हटलं, थंडी धरली असेल, दुपारी बघू. दुपारीही तेच.

काळजीचं काही नाही. जी गाडी सेल्फ घेते आणि पेटत नाही, तिचं दुखणं सापडतंच. ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल नाही, नाहीतर हवा नाही. चौथं कारण देवाने केलेलं नाही.

१७ ऑक्टोबर, बुधवार

प्लग काढले. ठिणगी चांगली, निळी, टचकन उडते. पण प्लग कोरडे. एवढा सेल्फ मारल्यावर पेट्रोलने चिंब व्हायला हवे होते. म्हणजे पेट्रोल आत येत नाही. रायनाला मागच्या सीटवर कान लावायला लावलं आणि मी किल्ली फिरवली.

"गुणगुणतंय का काही?"

"गुणगुणतंय. आणि घरात लोणच्याच्या कोबीचं पिंप उघडं पडलंय."

म्हणजे पंप चालू. नळी सोडून पाहिली, पेट्रोल जोरात येतं, तोंडावरच उडालं.

मग जुनी युक्ती केली. हवेच्या नळीतून झाकणभर पेट्रोल आत ओतलं आणि सेल्फ मारला. पेटली! दोन श्वास घेतले आणि गेली. मी अंगणात ओरडलोच. ठिणगी आहे, दाब आहे, हवा आहे, फक्त पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तोंड उघडत नाहीत. उद्या तिला धरतोच.

रायना दारात उभी होती. गाडी पेटली तेव्हा तिचा हात तोंडावर गेला. मला वाटलं, आनंदाने.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

सगळे फ्यूज पाहिले, चांगले. रिले बदलून पाहिला, तेच. काटे दाखवायच्या काचेमागे एक बारका नारिंगी दिवा लुकलुकत राहतो. पूर्वी लुकलुकायचा का ते आठवत नाही. रायनाला विचारलं. "मला काय ठाऊक तुझ्या दिव्यांचं," म्हणाली आणि चुलीत लाकूड घालायला गेली. चूल भरलेली होती.

संध्याकाळी नेद्याल्को आला, पलीकडच्या गल्लीतला. घरी गाळलेल्या राकियाचा पेला हातात घेऊन बॉनेटमध्ये डोकावला.

"काय मिस्त्री, बाई रुसली?"

"मनवतोय."

"राहू दे रुसलेली. या वयात बरंच असतं ते. माझी सून म्हणत होती, आता पोरांना शाळेत एकटं सोडायला..."

रायनाने आतून त्याला हाक मारली, लोणचं घेऊन जा म्हणून. लोणचं अजून मुरलेलंच नाही. नेद्याल्को गेला तो परत आला नाही, पेलाही अर्धाच टाकला. या माणसाने आयुष्यात पेला अर्धा टाकलेला नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

प्लामेन आला. मी सगळं सांगितलं, कोरडे प्लग, दोन श्वास, इंजेक्टर. तो ऐकत होता, हात खिशात. मी म्हटलं, "बरोबर ना?" तो म्हणाला, "बरोबर आहे, बाबा. तुझं अगदी बरोबर आहे." आणि तोंड फिरवलं.

"मग तुमचं ते यंत्र लाव ना. गाडीला जोडतात ते."

"ते... बिघडलंय. दुरुस्तीला गेलंय."

"दुसऱ्या कुणाचं?"

"बाबा, गाडीतला संगणकच गेला असेल. त्याचं काही होत नाही. जुनी झाली. सोडून दे."

याने बॉनेट वर करूनसुद्धा पाहिलं नाही. दहा वर्षांचा होता तेव्हा माझ्या हातातून पाना हिसकावून घ्यायचा. आता बापाची गाडी म्हणजे भंगार. मला वाटतं, त्याला माझी लाज वाटते. गॅरेजमधल्या लोकांना सांगत असेल, म्हातारा अजून कार्ब्युरेटर शोधतोय.

म्हणाला, "वेल्कोकाकांना मी उद्याच आणून सोडतो, माझ्या गाडीतून."

मी म्हटलं, "शब्द मी दिलाय. मी आणेन."

"बाबा, ते वाट बघतायत."

"मग गाडी चालू कर!"

तो पायऱ्यांवर बसला. मग आईशी आत काहीतरी बोलणं झालं, रडल्यासारखा आवाज आला, पण मी गेलो तेव्हा दोघं बटाटे सोलत होती.

२४ ऑक्टोबर, बुधवार

उंदीर! उंदरांनी वायर खाल्ली असणार. थंडी पडली की इंजिनात शिरतात. अख्खी वायरिंग उघडी केली, एक एक तार बोटांनी चाचपत गेलो. एका ठिकाणी खरचटलेली सापडली, डाग दिला, टेप गुंडाळली. हात थरथरतात, पण डाग चांगला बसला.

सेल्फ मारला. काही नाही.

रायना म्हणाली, "काल बस होती. आपण बसने जाऊन भेटून आलो असतो."

मी म्हटलं, "भेटायला नाही, आणायला जायचंय."

"ग्रोझदान, त्याला काय, तू हवा आहेस. गाडी नको आहे."

बायकांना हे कळत नाही.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटी बसनेच गेलो. रायनाने ऐकलं नाही. चीज भरून बानित्सा भाजली होती त्याच्यासाठी. त्याने वास घेतला आणि डबा मांडीवर ठेवून दिला.

फार वाळलाय. नाकात नळी. मला बघून म्हणाला, "आलास? हॉर्न ऐकू आला नाही."

मी म्हटलं, "बसने आलो रे. ती सेल्फ घेते, पण चालू होत नाही."

"माझंही तसंच आहे," म्हणाला. "फिरतंय सगळं, पेटत नाही." हसताना खोकला आला, नर्स धावली.

मग मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. ठिणगी, पंप, वायरी. तो डोळे मिटून ऐकत होता, मध्येच म्हणाला, "ग्रोझदान, गाडीचं पुरे. द्राक्षांचं सांग."

"गोड झालीत. तू आलास की काढू."

"मग आण मला. कशानेही आण. बैलगाडी आण. आता मला कशात बसलो ते कळणारही नाही."

"अँब्युलन्स?"

"ती नको." थोडा थांबून म्हणाला, "बरं, तीही चालेल."

वेल्को कधी कशाला 'चालेल' म्हणाला नाही.

बाहेर येऊन रायनाने प्लामेनला फोन लावला. या रविवारी त्याची ड्यूटी आहे, पुढच्या रविवारी, चार तारखेला, सकाळीच घेऊन येतो म्हणाला. इस्पितळाच्या अँब्युलन्सचंही विचारलं, तर ती त्याआधी मोकळी नाही. गेल्या आठवड्यात देत होते तेव्हा आपण घेतली नाही. बसमध्ये रायना खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "मला जमलं नाही." ती म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही. काहीच नाही चुकलं तुझं." आणि रुमाल काढला. वेल्कोसाठी रडत असेल.

२९ ऑक्टोबर, सोमवार

आज एकदम डोक्यात आलं. प्लग! एवढ्या दिवसांत प्लग कुणी पाहिलेच नाहीत! घाईघाईने पाना घेऊन गेलो, चारही काढले. कोरडे. म्हणजे पेट्रोल येत नाही. रायनाला हाक मारली, "मागच्या सीटला कान लाव, पंप गुणगुणतो का बघ."

ती आली, कान लावला. "गुणगुणतोय."

"हे महत्त्वाचं आहे, रायना. म्हणजे इंजेक्टर..."

"हो," ती म्हणाली. "इंजेक्टर तोंड उघडत नाहीत. तू सांगितलं होतंस."

"कधी?"

मी आत येऊन वही उघडली. सतरा तारखेला सगळं लिहिलंय. अक्षर माझंच आहे.

बराच वेळ पायऱ्यांवर बसलो. गाडी बिघडली की माणूस दुरुस्त करतो. पण दुरुस्त करणाराच सेल्फ घेऊन पेटेना झाला तर त्याचं बॉनेट कुठून उघडायचं?

३१ ऑक्टोबर, बुधवार

रायना वेल्कोचं घर झाडतेय. गाद्या उन्हात घातल्या, स्टोव्हची नळी साफ केली. मी लाकडं फोडून दिली. हे जमतं.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

वेल्को गेला. सकाळी. नर्स म्हणाली, झोपेतच.

३ नोव्हेंबर, शनिवार

आज पितरांचा शनिवार, सगळं गाव उकडलेले गहू घेऊन स्मशानात होतंच, त्यामुळे वेल्कोला माणसं भरपूर मिळाली. म्हणाला असता, बघ, कसा निवडून दिवस साधला.

मेल्यावरच्याच गाडीतून आला. काळ्या, लांब. दारापाशी उतरवलं, तासभर त्याच्याच खोलीत ठेवलं, रायनाने पेटवलेल्या स्टोव्हशेजारी. खोली छान उबदार झाली होती. फाटकावर त्याच्या मृत्यूचा कागद चिकटवलाय, फोटो तरुणपणचा, ट्रॅक्टरवरचा. तो ट्रॅक्टर मी उभा केला होता.

प्लामेन खांद्याला होता. स्मशानातून परतताना माझ्याजवळ आला. "बाबा," म्हणाला, "मी आधीच आणायला हवं होतं त्यांना. तुला न विचारता."

मी म्हटलं, "गाडी बापाची बंद पडली, दोष तुझा कसा?"

तो रस्त्यातच थांबला. मी पुढे गेलो, मग मागे वळून पाहिलं, तर अजून तिथेच उभा.

५ नोव्हेंबर, सोमवार

लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला आणि मूठ कानाला लावली. रायना सेल्फ मारत होती. असं मी जन्मभर ऐकत आलो. व्हॉल्व्ह सांगायचे, बेअरिंग सांगायचे, पिस्टनच्या पोटात दुखत असेल तर तो सांगायचा. आज नुसता आवाज. कुणी परक्या भाषेत बोलतंय आणि मी मान हलवतोय असं वाटलं.

हत्यारं पुसली. पेटीत भरली. रायनाला म्हटलं, "प्लामेनला सांग, रविवारी येशील तेव्हा पेटी घेऊन जा. माझं संपलं. एक साधी गाडी मला उभी करता आली नाही, आणि तिच्यापायी वेल्को तिथेच मेला."

तिने हातातली थाळी खाली ठेवली. ठेवली म्हणजे पडलीच.

६ नोव्हेंबर, मंगळवार

हे नीट लिहून ठेवतो, विसरायचं नाही म्हणून.

सकाळी रायना माझ्यासमोर बसली. रात्रभर झोपली नव्हती, डोळे सुजलेले. म्हणाली, "ग्रोझदान, गाडीला काही झालेलं नाही. आम्ही बंद केली. मी आणि प्लामेनने."

"काय बोलतेस?"

"त्या पोरीला तू मारलं असतंस. दोन बोटांचं अंतर होतं. तू ऐकत नव्हतास. प्लामेन म्हणाला, भांडण नको, गाडीच चालू होणार नाही असं करतो. आम्हाला वाटलं, दोन दिवस खटपट करशील आणि सोडशील. वेल्कोचं असं होईल हे... मला वाटलं नव्हतं रे."

"आणि कशी बंद केली?"

"किल्लीतून काहीतरी काढून घेतलंय त्याने. काळा दाणा आहे म्हणे, गव्हाएवढा. तो नसला की गाडी किल्ली ओळखत नाही, पेटत नाही."

मी किल्ली आणली. नवीन मूठ उघडली. आत पोकळ प्लास्टिक आणि लोखंडाचं पातं. "हे बघ," म्हटलं. "गाडी पेट्रोलवर चालते, रायना. गव्हाच्या दाण्यावर कोंबडी चालते."

"मी खरं सांगतेय! तुझं एकही चुकलं नव्हतं. प्लामेन त्या दिवशी स्वयंपाकघरात रडला, म्हणाला, आमच्या गॅरेजमध्येसुद्धा यंत्राशिवाय इतकं कुणी शोधलं नसतं."

आता मात्र मला थोडी शंका आली. खोटं कशाला सांगू, आशाच वाटली. मी स्वतः प्लामेनला फोन लावला. तिला ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला.

"प्लामेन, तुझी आई म्हणतेय गाडी तुम्ही बंद केली. किल्लीतला दाणा काढून. खरं आहे का?"

मागे गॅरेजमध्ये कुणीतरी हातोडी मारत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मी पुन्हा विचारलं, "खरं असेल तर दाणा घेऊन ये. मी आजच चालवतो. वेल्कोच्या कबरीपर्यंत तरी जाऊन येतो."

रायना फोनकडे बघत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मग तो म्हणाला, "नाही, बाबा. असं काही नाही. गाडी जुनी झाली. आई तुझं मन राखायला बोलली असेल."

"मला वाटलंच," मी म्हटलं.

फोन ठेवला. रायनाने तोंड दोन्ही हातांत झाकलं होतं. बिचारी. सगळा संसार झाला, पण ही माझ्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती, चांगल्यासाठीसुद्धा नाही. आज पहिल्यांदा बोलली, तेही माझी अब्रू राखायला, आणि किती कच्चं! सराव नाही तिला. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो, हात हातात घेतला आणि म्हटलं, "बरं, तुम्हीच बंद केली. मी विश्वास ठेवला. आता रडू नकोस." त्यावर ती जास्तच रडली.

११ नोव्हेंबर, रविवार

प्लामेन पेटी घेऊन गेला. नको म्हणत होता, मी डिकीत ठेवूनच दिली. जेवला नाही.

दुपारी नेद्याल्को त्याचं नांगरायचं मशीन ढकलत घेऊन आला. फाटकातच दोरी ओढून दाखवली. फुरफुरलं, दोनदा ठसकलं, बंद.

"मिस्त्री, हे काय म्हणतंय?"

ऐकल्याबरोबर मनात आलं, टाकीत पाणी गेलंय, खालचं भांडं सोडून ओतून टाक, झालं. पण मनात काय, काहीही येतं. गाडीच्या वेळीही येतच होतं.

म्हटलं, "शहरात प्लामेनकडे ने. मला यातलं कळत नाही आता."

नेद्याल्कोने खिडकीकडे पाहिलं. तिथे रायना उभी होती. मग तो वळला आणि चढावरून ते जड मशीन ढकलत परत घेऊन गेला.